घराचे उत्तर आणि माणसाचे वर्तन

एखाद्या गावाच्या किंवा समाजाच्या प्रश्नावर वर्तनसंशोधन आखायचे, म्हणजे लोक प्रत्यक्षात काय करतात आणि का करतात याचा पद्धतशीर शोध घ्यायचा, तर त्या आखणीतला सर्वांत कसोटीचा भाग नमुना निवडण्यात किंवा आकडेमोडीत नसतो. नेमके काय मोजायचे आणि ते कोणाला विचारायचे, हे ठरवण्यात तो असतो. ग्रामीण भारतातील उघड्यावरील शौचाचा प्रश्न याची सर्वांत स्पष्ट साक्ष देतो. २०११च्या जनगणनेत ग्रामीण भागातील ३०.७ टक्के कुटुंबांच्याच घरी शौचालय असल्याची नोंद झाली आणि उरलेल्यांना ते बांधून दिले की हागणदारी संपेल, असे गृहीत धरून योजना व अनुदाने आखली गेली. परंतु शौचालय ही वस्तू आहे आणि त्याचा वापर हे वर्तन आहे. वस्तूची मोजणी करून वर्तनाविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यास कितीही मोठ्या नमुन्यावर केला, तरी ज्या प्रश्नासाठी तो हाती घेतला त्याला स्पर्श करत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो, हे २०१३-१४ मध्ये बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हरियाणा या राज्यांत सुमारे ३,२०० ग्रामीण कुटुंबांत झालेल्या एका पाहणीने दाखवून दिले. ज्या घरांत चालू स्थितीतले शौचालय होते, त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक तरी माणूस बाहेरच जात होता. पाहणीकर्त्यांनी घराबद्दल एकच प्रश्न न विचारता घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल स्वतंत्रपणे विचारले, म्हणूनच हे दिसले. मोठ्या राष्ट्रीय पाहण्यांत मात्र घरातील माणसे साधारणपणे कोणत्या प्रकारचे शौचालय वापरतात, असा एकच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर घरातील एक व्यक्ती सर्वांच्या वतीने देते.

या एका प्रश्नात काय काय लपते, ते ओट्यावर बसून मुलाखत घेणाऱ्या प्रगणकाला दिसू शकते. उत्तर देणारी सून ‘संडास वापरतो’ असे सांगते आणि ते खोटेही नसते, कारण ती स्वतः व तिच्या मुली तो वापरतात. सासरे मात्र पहाटे टमरेल घेऊन शेताकडे जातात, धाकटा दीर मित्रांबरोबर माळावर जातो आणि लहान मुलाला अंगणाच्या कडेला बसवले जाते. शिवाय दारात आलेला माणूस पंचायतीचा असेल, अनुदानाची चौकशी करायला किंवा उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणाऱ्या पहाटेच्या ‘गुड मॉर्निंग’ पथकातर्फे आला असेल, ही शंका मनात असतेच. विचारणाऱ्याला जे रुचेल किंवा ज्याने आपली अब्रू राहील तेच सांगण्याच्या या प्रवृत्तीला संशोधनात सामाजिक इष्टतेचा कल म्हणतात, आणि उत्तरदात्याला खरे बोलण्याचा उपदेश केल्याने तो जात नाही. ‘काही जण शेतात किंवा माळावर जातात, काही जण घरच्या संडासात जातात, तुमच्या घरी आजोबा कुठे जातात?’ असा प्रश्न दोन्ही उत्तरांना सारखाच मान देतो आणि त्यामुळे कोणालाही ओशाळे न करता खरे सांगण्याची वाट मोकळी ठेवतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कुटुंबांना घराबद्दलचा आणि काहींना व्यक्तींबद्दलचा प्रश्न चिठ्ठ्या टाकाव्यात तसा यदृच्छेने वाटून विचारला गेला, तेव्हा व्यक्तिगत प्रश्नांतून उघड्यावरील शौचाचे प्रमाण सुमारे २० टक्केबिंदूंनी अधिक आढळले. गावे तीच आणि सवयीही त्याच असताना केवळ प्रश्नाच्या रचनेने चित्र इतके बदलते, हे कळल्यावर प्रश्नावली हे मुद्रणालयात पाठवायचे शेवटचे किरकोळ काम आहे, असे कोणत्याही संशोधकाला वाटू नये.

‘का’ या प्रश्नाचा शोध अधिक खोल जातो. सरकारी योजनांत सुचवलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा असतो आणि पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दोन वर्षांत खत होते. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स या संशोधकांनी मात्र दाखवून दिले की, अनेक कुटुंबांना खड्डा लवकर भरेल आणि तो उपसण्याचे काम अस्पृश्यतेने ज्यांच्या माथी मारले त्यांच्याखेरीज कोणी करणार नाही, अशी धास्ती असते. म्हणून ती एक तर फार मोठी, खर्चिक टाकी बांधतात किंवा लहान खड्ड्याचा संडास जपून, फक्त म्हाताऱ्या व आजारी माणसांसाठी ठेवतात. पाणी आणि पैसा यांचीच चौकशी करणाऱ्या प्रश्नावलीत जातीला जागाच नसते, आणि जी जागा प्रश्नावलीत नाही तिचे उत्तर विश्लेषणात कुठूनही येत नाही. अभ्यासापूर्वी गावात राहून, खड्डा भरल्यावर काय करणार हे निवांत ऐकून घेण्याचे महत्त्व यासाठी आहे.

कारण सापडल्यावर उपायाची परीक्षा येते. तिच्यात यादृच्छिक वाटणी करतात, म्हणजे कोणत्या गावात उपक्रम आधी राबवायचा हे सोडतीने ठरवतात; त्यामुळे उत्साही सरपंच असलेली गावेच एका बाजूला जमण्याचा धोका टळतो. येथे एकक घर नसून गाव असावे लागते, कारण शेजारच्या मैल्याचे जंतू कुंपण ओळखत नाहीत. महाराष्ट्रात संपूर्ण स्वच्छता अभियानाचा असा अभ्यास तेव्हाच्या अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी योजला गेला होता, पण ठरल्याप्रमाणे उपक्रम अहमदनगरमध्येच राबवला गेला. तेथील साठ गावांत केलेल्या तुलनेत उपक्रमाच्या गावांतील मुलांच्या उंचीत सरासरी सुमारे ०.३ प्रमाण विचलनाची (उंचीतील स्वाभाविक चढउताराच्या मापाची) सुधारणा दिसली. पुढे ओडिशातील पुरी जिल्ह्यात शंभर गावांच्या चाचणीत, उपक्रमाच्या गावांतील शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी अतिसार कमी झाला नाही. या दोन निकालांकडे विसंगती म्हणून पाहण्यापेक्षा अंमलबजावणी आणि वापर वेगवेगळे मोजायला हवेत, याची खूण म्हणून पाहणे अधिक योग्य; आणि नांदेड व नंदुरबार यांचे न घडलेले काम तर स्वतःच एक निष्कर्ष आहे, कारण जो उपक्रम सरकारी यंत्रणा प्रत्यक्षात राबवत नाही, त्याचा एका जिल्ह्यातील परिणाम दुसऱ्या जिल्ह्यासाठी गृहीत धरता येत नाही.

आखणीतली आणखी एक बाब प्रश्नावलीच्या पहिल्या पानाशी निगडित आहे. उघड्यावर जाणाऱ्याला दंड करण्याची किंवा इतर लाभ अडवण्याची प्रथा जेथे आहे, तेथे नाव आणि उत्तर एकाच कागदावर राहिले, तर अभ्यास ज्याच्यासाठी केला त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो. म्हणून नाव-पत्त्याचे पान मुलाखत संपताच वेगळे करून कुलूपबंद ठेवावे, दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक असावा आणि गावात निष्कर्ष मांडताना कोणत्याही घराकडे बोट जाईल इतक्या लहान वस्तीचा आकडा सांगू नये. ग्रामसेवकाने यादी मागितली तर ती देता येणार नाही, हे त्याला काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवावे.