हत्याराचें घर

विजेवर चालणारें हत्यार विकत आणणें ही आजकाल अर्ध्या तासाची गोष्ट झाली आहे. पण आणल्यावर तें ठेवावयाचें कोठें, हा प्रश्न कित्येक घरांत वर्षानुवर्षें तसाच पडून असतो. दुकानांतून तें प्लॅस्टिकच्या ज्या पेटींत येतें, तिच्या पोटांत कारखानदारानें एक खळगा पाडलेला असतो. आणि हत्यार एकाच कलानें ठेवलें व वायर एकाच रीतीनें गुंडाळली, तरच तें त्यांत बसतें. चार जास्त पातीं जवळ ठेवूं म्हटलें, तर झांकण लागत नाहीं. मग कडी तुटते, पेटी माळ्यावर जाते, आणि हत्यार एखाद्या जुन्या पिशवींत दिवस कंठूं लागतें. ज्या वाचकांच्या घरीं एखादें ड्रिल असेल, त्यांनीं तें या क्षणीं कोठें आहे हें आठवून पाहावें, म्हणजे आमचें म्हणणें पटेल.

आम्ही पेशानें शिक्षक. परंतु गेलीं कांहीं वर्षें सुट्टीच्या दिवशीं लांकूडकाम करण्याचा नाद आम्हांस जडला आहे, आणि त्यांतहि अशा हत्यारांसाठीं लांकडी पेट्या करणें हा आमचा विशेष आवडीचा उद्योग होय. हत्यार वापरण्यापेक्षां त्याची पेटी करण्यांतच आमचा वेळ अधिक जातो, असा घरच्या मंडळींचा आक्षेप आहे. त्याचें उत्तर आम्ही देत नाहीं. कारण तो खरा आहे.

हत्यारांची पेटी ही कांहीं नवी कल्पना नव्हे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मॅस्टरमिर येथें १९३६ सालीं शेत नांगरतांना ओक लांकडाची एक पेटी सांपडली. व्हायकिंगांच्या काळांतील त्या पेटीबरोबर हातोडे, करवती, कानशी अशा सुमारें दोनशें वस्तु निघाल्या. हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारागिराला एक सोय होती. त्याचीं बहुतेक हत्यारें लांबट व सरळ होतीं. तीं एकावर एक निजवितां येत. विजेच्या हत्याराचें तसें नाहीं. जर्मनींतील श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यानें १८९५ सालीं विजेवर चालणारें पहिलें हातड्रिल केलें, आणि १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांना पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा घोडा असलेल्या ड्रिलचें पेटंट मिळालें. तेव्हांपासून हत्याराला जणूं धड, मान व शेपूट हीं तिन्ही आलीं. तें हातांत फार सुखानें बसतें, आणि म्हणूनच पेटींत मुळींच बसत नाहीं.

पहिली पेटी करावयास घेतली, तेव्हां आम्ही ड्रिल कागदावर ठेवून त्याच्या कडेनें पेन्सिल फिरवीत होतों. आमच्या ओळखीचे एक वृद्ध सुतार शेजारीं बसले होते. ते म्हणाले, “सर, मशीनचं माप सावकाश घ्या. आधी सांगा, पेटी उघडली की तुमचा हात पहिला कशावर पडतो?” हा प्रश्न आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत भेटला नव्हता. विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, पहिला हात ड्रिलवर पडत नाहीं. तो पडतो भोंक पाडावयाच्या अणीवर. मग चक आवळण्याची किल्ली लागते, मग वायर, आणि सर्वांत शेवटीं ड्रिलची मूठ. या क्रमानें पेटी योजिली म्हणजे ती कामाच्या मापाची होते; नुसत्या वस्तूच्या आकारानें योजिली तर ती वस्तूचा सांचा होते, इतकेंच.

कामाचें माप घ्यावयाचें म्हटलें, म्हणजे अनेक बारीकसारीक गोष्टी पुढें येतात. वायर ड्रिलच्या अंगाभोंवतीं करकचून गुंडाळूं नये. ती जेथें मुठींतून बाहेर येते तेथेंच वारंवार मुडपून आंतील तांब्याच्या तारा तुटतात. म्हणून सैल वेटोळें मावेल एवढी जागा मोकळी सोडावी. बॅटरीचें हत्यार असेल तर बॅटरीचा खण निराळा करावा. तिच्या उघड्या टोकांशीं सुटे खिळे किंवा स्क्रू यांची गांठ पडूं देणें धोक्याचें आहे. वजनाचाहि विचार हवाच. चाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद व पंधरा उंच अशी पेटी सर्व बाजूंनीं १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवुडची केली, तर ती एकटीच साडेतीन किलोच्या घरांत जाते, म्हणजे आंतल्या ड्रिलहून जड. तळ व झांकण सहा मिलिमीटरचें घेतलें तर जवळजवळ एक किलो वांचतो. जिना चढणाऱ्या माणसाला त्या एका किलोची किंमत विचारावी.

लांकडालाहि स्वभाव असतो. सागाची फळी पावसाळ्यांत रुंदीच्या दिशेनें फुगते, लांबींत जवळजवळ मुळींच वाढत नाहीं. म्हणून अशा फळीचें झांकण चौकटींत चारी बाजूंनीं चिकटवून टाकलें, तर एखाद्या वर्षीं तें चिरल्यावांचून राहत नाहीं; तें खांचेंत सैल बसवावें. प्लायवुडाचे थर एकमेकांवर आडवेउभे असल्यामुळें तें या बाबतींत स्थिर वृत्तीचें. ओक दिसावयास भारदस्त खरा, पण त्यांतून निघणारी आम्ल वाफ धातूंना बाधते; वस्तुसंग्रहालयांतील मंडळी शिशाच्या वस्तु ओकच्या कपाटांत ठेवीत नाहींत त्याचें कारण हेंच.

आतां प्रत्येक वस्तूला नेमकी जागा असावी, हें म्हणणें किती दूर न्यावयाचें? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत हेन्री स्टडली (१८३८–१९२५) नांवाचा पियानो बनविणारा एक कारागीर होऊन गेला. त्याची भिंतीवर टांगावयाची पेटी बंद असतां सुमारें सव्वातीन फूट उंच आहे, आणि तिच्यांत तीनशेंच्या आसपास हत्यारें थरावर थर रचून बसविलेलीं आहेत. महोगनी, शिसवी, हस्तिदंत, शिंपले, कशाचीहि उणीव नाहीं. तिचीं छायाचित्रें पाहून आम्ही थक्क झालों. परंतु त्याबरोबर एक विचारहि मनांत आला. त्या पेटींतील एखादें हत्यार मोडलें व त्याच्या जागीं केसभर मोठें दुसरें आलें, तर तें राहणार कोठें? इतकी नेमकी पेटी तिच्या मालकाच्या हातालाच शोभते. पुढें ती पाहावयाची वस्तु होते.

हा प्रश्न आमच्यापुढें दोन वर्षांपूर्वीं घरांतूनच आला. आमचे दादा सोलापुरास एका गिरणींत फिटर होते. दहावीनंतर त्यांनीं शाळा सोडली, म्हणून आम्हांस कॉलेजांत जातां आलें. गिरणी बंद पडल्यावर त्यांनीं एक ड्रिल घेतलें आणि दारोदार किरकोळ कामें करून संसार चालविला. ड्रिल धातूच्या अंगाचें, जड. अंगठा टेकावयाच्या जागीं त्याचा रंग उडून आंतील पांढरा धातु दिसतो. दादा गेल्यावर वहिनींनीं तें आमच्याकडे दिलें. “भावजी, याला चांगली पेटी करा,” त्या म्हणाल्या, “त्यांच्या फोटोखाली ठेवायचंय.” पुतण्या तेथेंच उभा होता. तो फर्निचरचीं कामें घेतो. तो हळूच म्हणाला, “काका, बंद ठेवलं तर ते गंजेल. मला द्या ना.” दोघांचेंहि म्हणणें आम्हांस समजत होतें, आणि दोघांनाहि ‘हो’ म्हणेल अशी पेटी आम्हांस करावयाची होती.

ड्रिलच्या नेमक्या आकाराचा, मखमलीचा खळगा करणें सोपें होतें. तो आम्हीं केला नाहीं. त्या ऐवजीं तळाशीं चार सुटे ठोकळे बसविले; सरसानें न चिकटवितां स्क्रूनें आवळले, म्हणजे उद्यां निराळें ड्रिल आलें तरी ठोकळे सरकवितां येतील. चकच्या किल्लीसाठीं झांकणाच्या आंतल्या अंगास एक भोंक पाडलें; किल्ली कामावर विसरली तर पेटी मिटतांना तें रिकामें भोंक डोळ्यांस दिसावें. एक खण कांहींहि न ठरवितां मोकळा सोडला. ड्रिलची वायर जाणत्या माणसाकडून बदलून घेतली व अर्थिंगची तार तपासून घेतली. जुन्या धातूच्या हत्याराबाबत एवढें केल्यावांचून तें कोणाच्या हातीं देऊं नये.

अशा पेटीचें झांकण निराळें करीत नाहींत. आधीं सहाहि बाजू जोडून ती पूर्ण बंद करावयाची, आणि सरस वाळल्यावर सभोंवार करवत फिरवून वरचा भाग वेगळा करावयाचा. करवतीचें पातें दोनतीन मिलिमीटर खातें, तेवढें उंचींत आधींच धरून ठेवावें लागतें. पण झांकण व पेटी यांच्या कडा मात्र तंतोतंत जुळतात. त्या दिवशीं बंद पेटी समोर ठेवून आम्ही कांहीं वेळ नुसते बसलों. मग करवत लावली.

पेटी सोलापुरास गेली. त्या वर्षीं खंडेनवमीस वहिनींनीं स्वतः ती उघडली, ड्रिलला हळदकुंकू लाविलें, झेंडूचें फूल वाहिलें, आणि दसरा झाल्यावर पुतण्या ती कामावर घेऊन गेला. पुढें दिवाळींत आम्ही तिकडे गेलों, तेव्हां तिचा एक कोपरा उडाला होता, तळाशीं सिमेंटची धूळ बसली होती, आणि आम्ही मोकळा सोडलेल्या खणांत पेन्सिलीचा तुकडा, भिंतींत ठोकावयाच्या प्लॅस्टिकच्या गुट्ट्या व दादांचें जुनें मोजपट्टीचें डबडें होतें. तें तेथें कोणी ठेवलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.