सव्वा तासाचं पॅरिस

लंडनहून पॅरिस किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून मोजाल तर सुमारे ३४० किलोमीटर. सडकेनं मुंबई-रत्नागिरी जेवढं, जवळजवळ तेवढंच. विमानाच्या वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास, आणि तोही जमिनीवरच्या सरपटण्यासकट! ऑगस्ट १९१९ मध्ये या दोन शहरांत रोजची प्रवासी विमानं सुरू झाली, तेव्हा अडीच तास लागत आणि भाडं पडे २१ पौंड.

पण आम्हांला हिशेब काटेकोर करायचा होता. सौ.ची थोरली बहीण, आमच्या अक्का, पॅरिसला लेकीकडे शस्त्रक्रियेनंतर पडून होत्या. दुपारी दोननंतर औषधानं त्यांना ग्लानी येई. आमच्या हाती दिवस एकच. म्हणजे भेट काय ती सकाळचीच.

"बाबा, विमानानं जा. सव्वा तासात पोचाल," मुलगा म्हणाला.

"अरे, अक्का काय विमानतळावर बसलीय?" इति सौ.

बाईनं नेमकं बोट ठेवलं! हीथ्रो लंडनच्या पश्चिम टोकाला, आणि पलीकडचा शार्ल द गोल विमानतळ पॅरिसपासून पंचवीसएक किलोमीटरवर. शिवाय दोन तास आधी हजर राहा, पट्टे काढा, रांगा लावा. त्यात पॅरिसचं घड्याळ एक तास पुढं. कसंही जा, सकाळचा तो तास बुडालेलाच.

आम्ही आगगाडी धरली. सहाला घर सोडलं. सेंट पँक्रस स्टेशन भर वस्तीत. फ्रान्सचे अधिकारी पासपोर्ट तिथंच तपासतात, त्यामुळे पॅरिसला उतरलं की सरळ चालू पडायचं. गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. समुद्राखालचा बोगदा, १९९४ साली खुला झालेला, ५० किलोमीटर लांब. मासे दिसतील म्हणून सौ. खिडकीला नाक लावून बसली. दिसला तो स्वतःचाच चेहरा. वीसेक मिनिटांत फ्रान्स! १९०९ साली ब्लेरिओनं ही खाडी प्रथम विमानानं ओलांडली, तेव्हा त्याला छत्तीसएक मिनिटं लागली होती, तीही वरून.

तिथल्या सव्वाअकराला आम्ही अक्कांच्या उशाशी होतो. सौ.चा हात धरून अक्का त्या दिवशी प्रथमच गॅलरीपर्यंत चालल्या. खुर्चीत टेकल्याबरोबर दोघींनी कुठल्याशा लग्नातल्या बासुंदीवरून जुनं भांडण उकरून काढलं. ते मिटायच्या आत अक्कांचा डोळा लागला.

परतीच्या गाडीत जागा नव्हती, म्हणून विमान. साडेचारला निघालो. साडेसातचं विमान सात पन्नासला लंडनला टेकलं! अर्थात ही घड्याळाची करामत; सकाळी बुडालेला तास परत मिळाला इतकंच. घरी पोचायला सव्वानऊ झाले. जाताना दारापासून दारापर्यंत सव्वाचार तास, येताना पावणेसहा.

चपला काढायच्या आत सौ.नं पॅरिसला फोन लावला. अक्का जाग्या होत्या, आणि बासुंदीत जायफळ नव्हतंच, असं ठासून सांगत होत्या.