बायोडेट्यातला वर्ण

गेली काही वर्षे आम्ही वस्तीतल्या बायांसोबत सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत जातो. डॉक्टर विचारतात, "चेहऱ्याला काय लावता?" उत्तर ठरलेलं, "काही नाही, साधी क्रीम." नाव विचारलं तर, "मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब." खोका केव्हाच फेकलेला असतो.

"या लोकांना काही कळत नाही," असं मग कुणीतरी बोलतं. आम्हाला हे मान्य नाही. रेशनच्या काट्यावर डोळा ठेवणारी, दुधाच्या पिशवीवरची तारीख बघणारी हीच बाई असते. ट्यूबवरचीही तारीख आणि किंमत ती बघते. बाकी मजकूर मुंगीएवढ्या इंग्रजीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइडं आहेत, हायड्रोक्विनोन रंग उतरवतं, हे तिला सांगायचं कुणी? विकणाऱ्यानंच ना! खोक्यावरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही. 2018 साली सरकारने त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांची सूट काढून ती शेड्यूल एचच्या बंधनात आणली. तरी काउंटरवर ती 'गोरं होण्याची क्रीम' म्हणून मिळतात.

सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो, म्हणून जावेला, शेजारणीलाही ट्यूब सांगितली जाते. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ येतं, गालावर लव वाढते, लाल शिरा दिसू लागतात. बंद केली की चेहरा जास्तच पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. रुग्णाच्या अडाणीपणावर बोट ठेवणाऱ्यांनी हे चक्र समजून घ्यावं.

पण इथं आम्हाला स्वतःचंही सांगितलं पाहिजे. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. तेव्हा आमचं समाजशास्त्राचं एम.ए. झालेलं होतं. जात आणि लिंगभाव या पेपरात मार्कही बरे होते. अशीच एक ट्यूब आम्ही स्वतः आणून तिच्या हातात दिली. लेबल इंग्रजीत होतं, आम्हाला वाचता येत होतं, तरी वाचलं नाही. वर्षभर ती ओढणीनं गाल झाकून बाहेर पडायची. आमच्यावर ती एकदाही चिडली नाही, याचाच त्रास जास्त होतो.

तेव्हा अज्ञान फक्त ओपीडीच्या बाकावर नाही. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचे आकडे मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हा सिद्धांत मोडीत काढला. आणि आपल्या वधू-वर मेळाव्यातल्या बायोडेट्यावर, तथागतांच्या चित्राखाली, रकाना कोणता? 'वर्ण : गोरा'. तोही शब्द वर्णच! 'फेअर अँड लव्हली'नं 2020 मध्ये नावातला 'फेअर' तरी काढला. आपला रकाना तसाच आहे.

आता ओपीडीला येताना आम्ही बायांना ट्यूब आणि खोका दोन्ही आणायला सांगतो. मागच्या आठवड्यात एक आई लेकीला घेऊन आली, खोकाही जपून आणलेला. आम्ही बाकावरच एकेक नाव वाचून अर्थ सांगितला. तिनं सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि हळूच विचारलं, "बरं, मग दुसरी कोणती लावू दादा? महिन्याभरात पाहुणे येणार आहेत."