वेगळी पंगत, वेगळे घर

२०२३ च्या शरद ऋतूत मी अमेरिकेतील न्यू हेवन येथे नातीकडे गेलो होतो. ती त्या वेळी येल विद्यापीठात शिकत होती. दुसऱ्याच दिवशी तिने मला आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक केंद्रात नेले. अभ्यासाला बसलेली मुले, गप्पांत रमलेली मुले. विद्यापीठाच्या कचेरीपेक्षा ते एखाद्या नांदत्या घरासारखे भासले. हे केंद्र १९८१ मध्ये सुरू झाले. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आग्रह धरून आपले केंद्र मिळविले होते. पुढे लॅटिन अमेरिकन व तेथील मूळच्या आदिवासी विद्यार्थ्यांचीही अशी घरे झाली.

मला मात्र ते रुचले नाही. मी म्हणालो, “एवढे सातासमुद्रापार येऊन पुन्हा आपलेच कोंडाळे कशाला? सर्वांत मिसळावे.”

ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, दिवसभर मी सर्वांतच असते. इथे फक्त मला माझे नाव तीनदा सांगावे लागत नाही.”

परतीच्या वाटेवर मला कोल्हापूर आठवले. १९६८ साली बेळगावहून शिकावयास गेलो तेव्हा मी आमच्या ज्ञातीच्या वसतिगृहातच उतरलो होतो. ते कोंडाळे आहे असे मला कधी वाटले नव्हते! शाहू महाराजांनी प्रथम सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु नाव सर्वांचे आणि वस्ती ब्राह्मण विद्यार्थ्यांची, अशी त्याची गत झाली. म्हणून त्यांच्या आश्रयाने १९०१ मध्ये मराठा, १९०६ मध्ये मुसलमान आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी वसतिगृहे उभी राहिली.

अशाच एका वसतिगृहात राहणारा माझा एक वर्गमित्र होता. एका चैत्रात मी त्याला गावच्या देवळातील उत्सवाला नेले. महाप्रसादाच्या वेळी कारभाऱ्यांनी त्याचे पान अंगणाच्या टोकाशी वेगळे मांडले. मी पंगतीत बसलो आणि जेवलोही. परतताना एस. टी. त तो एवढेच म्हणाला, “उद्याची वही आणलीस ना?” त्यानंतर तो माझ्या खोलीवर कधीच आला नाही.

२०२४ च्या जानेवारीत टेक्सासमधील नव्या कायद्यामुळे ऑस्टिन येथील विद्यापीठाचे बहुसांस्कृतिक केंद्र बंद झाल्याचे वाचले. सर्वांना सारखेच वागवावे, वेगळी घरे नकोत, हा त्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद. न्यू हेवनला मीही तेच बोललो होतो. पण वेगळे घर मागणाऱ्याला दोष देण्यापूर्वी, वेगळे पान आधी कोणी मांडले, हे विचारावयास नको काय? आपल्या माणसांत घटकाभर विसावलेला मुलगाच उद्या चारचौघांत ताठ मानेने बसू शकतो. माझ्या मित्राला ते बळ त्याच्या वसतिगृहाने दिले. माझ्या पंगतीने नव्हे.

मी नातीला पत्र लिहिले : “त्या घरी जात जा. माझे बोलणे मनावर घेऊ नकोस.”

आमच्या देवळात आता एकच पंगत बसते. तरीही महाप्रसादाचे पान समोर आले की माझी नजर अंगणाच्या त्या टोकाकडे जाते, आणि पहिला घास उचलायला थोडा वेळ लागतो.