टेबलाचे पाय

टेबल वजनाने सहसा मोडत नाही. मोडतं ते ओढाओढीने. सागाचा सरळसोट पाय माणसाचा भार सहज पेलतो. पण टेबल फरफटत नेलं की पाय तरफेसारखा वागतो आणि सगळा ताण वरच्या कोपऱ्यात, पाय आणि आडवी पट्टी मिळतात तिथे एकवटतो.

वडिलांनी चिपळूणच्या घरी टेबल करून घेतलं तेव्हा मी शाळेत होते. सुतारकाका आले ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच. पडवीत बसून मी त्यांचे हात बघत राही. अडीच इंची पायाला ते पटाशीने चौकोनी खाच पाडत. पायाचं वरचं टोक मुद्दाम लांब ठेवलेलं, म्हणजे ठोकताना लाकूड चिरू नये. सांधा बसल्यावर ते कापून टाकायचं. पट्टीच्या टोकाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, हाताने निम्मं आत जावं, उरलेलं मोगरीच्या ठोक्यांनी. सैल कुसूला सरस वाचवत नाही, असं काका म्हणत. मग मेखेसाठी भोक, पण कुसूतलं भोक पट्टीच्या बाजूला केसभर सरकवलेलं. बांबूची मेख आत जाऊ लागली की पट्टी आपसूक पायाकडे खेचली जाई. सांध्यातली फट मिटताना मी डोळ्यांनी पाहिली आहे. स्क्रूची पकड अशी टिकत नाही. हलत्या सांध्यात त्याचे आटे लाकूड कुरतडत जातात.

वरची फळी मात्र त्यांनी जखडली नाही. साग लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतो, आणि कोकणच्या पावसात फुगतोच. म्हणून खालून लाकडी गुटके, पट्टीतल्या खाचेत सरकणारे.

त्या टेबलावर माझी दहावी झाली, आईचे पापड लाटून झाले. लग्नानंतर ते ठाण्याला आलं, टेम्पोत उलटं पडून. पुढे सासूबाईंची औषधं त्यावर राहिली, मग मुलाचा कॉम्प्युटर. मुलाने त्यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढलं, पाहुण्यांच्या गर्दीत ते कितीदा भिंतीकडे ढकललं गेलं. पाय अजून डुगडुगत नाहीत.

आता नातीला टेबल हवंय. भुशाच्या फळीचं, स्क्रूने जोडलेलं तयार टेबल निम्म्या पैशांत मिळतं आणि दुसऱ्या दिवशी घरी येतं. मी ओळखीच्या सुताराला बोलावलं, जुन्या टेबलाखाली वाकून त्याला मेखा दाखवल्या. तसंच हवं म्हटलं. तो म्हणाला, दिवस जास्त लागतील.

लागू देत.