धनुष्याचा ताण

शिकारीसाठी किती ताणाचे धनुष्य घ्यावे, हे आकड्यांत शोधताना आम्हांस दोन टोके आढळली. 1545 साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरील धनुष्यांचा ताण शंभर पौंडांहून अधिक असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उलट 1911 मध्ये कॅलिफोर्नियात आढळलेला, आपल्या जमातीतला अखेरचा इशी सुमारे 45 पौंडांच्या धनुष्याने हरिण मारी, असे त्याचे स्नेही डॉ. सॅक्स्टन पोप लिहितात. सैनिकाला चिलखत भेदायचे होते. इशी हरणाच्या निकट जाई.

प्रश्न बाहुबळाचा नाहीच, असे आम्हांस वाटते. न पेलणारे धनुष्य ओढताना हात थरथरतो, बाण फुप्फुसाऐवजी पोटात रुततो आणि आपल्या अहंकाराची किंमत ते जनावर तासन्‌तास तडफडून मोजते. थंडीत, गुडघ्यावर बसून, शांतपणे ओढता येईल तेवढाच ताण आपला. उरलेले काम धारदार पात्याचे आणि संयमाचे.