३.८ गिगाहर्ट्झचा हव्यास

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’च्या व्यासपीठावर ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा भारतीय प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. त्याच आठवड्यात चेन्नईतील एका वसतिगृहात रसायनशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी आपल्या संगणकाचे झाकण उघडून बसला होता. हातात दहा हजार रुपये आणि समोर आठ वर्षांपूर्वीचा, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड. नवा मदरबोर्ड घ्यायचा तर नवी रॅमही घ्यावी लागली असती. तेव्हा बदलायचा तो केवळ प्रोसेसर.

खरे तर एप्रिलमध्ये त्याने काहीही न बदलता भागवायचे ठरवले होते. त्याच्याजवळचा रायझन ५ १६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, आणि बी३५० चिपसेटवर त्याचा वेग वाढवायची मुभा असते. स्वस्तातल्या ए३२० वर ती नसते. सर्व गाभे मिळून ३.४ गिगाहर्ट्झवर चालणारे काम त्याने ३.८ वर नेले. त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ करावे लागले. वीस मिनिटांची चाचणी रात्री पार पडली आणि प्रथिनाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंची आकडेमोड पूर्वीपेक्षा लवकर संपू लागली. फुकटात मिळालेल्या वेगाचा आनंद वेगळाच असतो.

तो वेग फुकट नव्हता. चिपमध्ये खर्च होणारी वीज वारंवारतेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३.८ भागिले ३.४ म्हणजे १.१२, १.३५ भागिले १.२ म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२७. दोहोंचा गुणाकार १.४१. बारा टक्के वेगासाठी एक्केचाळीस टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता. प्रोसेसरवरचा पंखा मोठा घेतला की प्रश्न मिटतो, असे पुष्कळांना वाटते. जुन्या, स्वस्त मदरबोर्डाचे खरे दुखणे मात्र पंख्याखाली नसते, ते त्याच्या बाजूला असते. पॉवर सप्लायकडून आलेल्या १२ व्होल्टांचे सव्वा व्होल्ट करणारे छोटे ट्रान्झिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर तिथे ओळीने बसवलेले असतात. सव्वा व्होल्टला शंभर वॅट पुरवायचे म्हणजे ८० अँपिअर. घरातली हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. त्याच्या बोर्डावर या ट्रान्झिस्टरांवर उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा नव्हता, आणि मे महिन्यात तमिळनाडूत अग्निनक्षत्र सुरू झाल्यावर वसतिगृहाची खोली रात्रीही निवत नव्हती.

संगणक बंद पडला असता तर बरे झाले असते. तो बंद पडला नाही. अकरा दिवस तो शांतपणे आकडे देत राहिला.

जूनमध्ये एका आलेखातला एक बिंदू इतरांपासून फटकून दिसला. रेणूंच्या गतीची गणिते अशी संवेदनशील असतात की दोन अगदी बरोबर आकडेमोडीही काही काळाने निरनिराळ्या वाटांनी जातात. म्हणून ओळीशी ओळ ताडून चूक सापडत नाही. त्याने प्राइम९५ लावले. मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी लिहिलेली ही आज्ञावली ओव्हरक्लॉकिंग करणारे जगभर चाचणीसाठी वापरतात. प्रचंड संख्यांचा गुणाकार ती दशांश अपूर्णांकांच्या मार्गाने करते. उत्तरे पूर्णांकाच्या अगदी जवळ यायलाच हवीत, तो फरक ०.४ पेक्षा जास्त झाला तर काहीतरी बिघडले आहे. सहा तासांनी एका गाभ्यावरचे काम थांबले. पडद्यावर आकडा होता ०.५.

त्या अकरा दिवसांतील कोणती संख्या खरी आणि कोणती नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. त्यांतला एक आलेख मार्गदर्शक बाईंनी निबंधाच्या मसुद्यात घातलाही होता. तो दोन दिवस त्यांना टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी गेला आणि सारे सांगितले. बाईंनी तारखांची यादी मागितली आणि आलेख काढून टाकला. रागावल्या नाहीत, त्याने त्याला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

सप्टेंबरमध्ये रिची स्ट्रीटवर दुकानदाराने त्याच्यापुढे वापरलेला रायझन ७ २७००एक्स ठेवला. “तंबी, आठ गाभे आहेत. वेगही आणखी वाढवता येतो.”

“अण्णा, हा १०५ वॅटचा. माझा बोर्ड दमेल,” तो म्हणाला.

नकाराचे आणखी एक कारण होते. रायझनच्या पहिल्या पिढ्या २५६ बिटांची सूचना १२८ बिटांचे दोन तुकडे करून सोडवतात. झेन २ पासून पुढे ती एका दमात सुटते. त्याच्या आकडेमोडीत अशाच सूचनांची रेलचेल. गिगाहर्ट्झ जराही न वाढवता दर ठोक्याला होणारे काम कागदावर दुप्पट. प्रत्यक्षात मेमरीची वाट पाहण्यामुळे त्याहून कमी, तरी बारा टक्क्यांच्या कितीतरी पुढे. ७ नॅनोमीटरचा रायझन ५ ५६०० तेच सहा गाभे आणि तेच ६५ वॅट घेऊन त्याच खाचेत बसतो. २०२२ मध्ये एएमडीने ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांनाही त्याची वाट अधिकृतपणे मोकळी केली. पैसे जेमतेम पुरले.

विक्रमची बातमी त्याने परतताना रेल्वेत वाचली. मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडलेली चिप. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करण्यासाठी, प्रक्षेपकात बसण्यासाठी. १८० नॅनोमीटर म्हणजे किती मागासलेले, अशी थट्टा त्या आठवड्यात बरीच झाली. त्याला मात्र तापमानाचे ते दोन आकडे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटले.

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करावे लागते, कारण नव्या प्रोसेसरला जुने बायॉस ओळखत नाही. आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्याने शेजारच्या खोलीतून यूपीएस मागून आणला. साठवणीची जागा कमी असल्याने काही बोर्डांच्या नव्या बायॉसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, म्हणजे परतीची वाटही बंद. चार मिनिटे तो पडद्यावरची टक्केवारी पाहत उभा होता.

५६०० चा वेगही वाढवता येतो. त्याने तो पर्याय उघडून पाहिला आणि तसाच मिटला. तापमान आणि विद्युतप्रवाह पाहून ही चिप आपला वेग स्वतःच वरखाली करते. शिल्लक राहते ते फार थोडे. प्राइम९५ पूर्ण चोवीस तास चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बाईंना दिलेल्या यादीतली पहिली तारीख पाहिली, त्या तारखेची आकडेमोड शून्यापासून सुरू केली आणि जेवायला गेला.